नोकरीचं स्थळ

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला नोकरी लागली की पेढे आधी देवापुढे जात आणि मग इंदुताईकडे. देव काही बोलत नसे. इंदुताई पेढा हातात घ्यायची, तोंडात मात्र घालायची नाही. विचारायची, "घराणं बघितलं का?"

पहिल्यांदा हा प्रश्न माझ्यासमोर आला तो खालच्या मजल्यावरच्या नीलेशच्या वेळी. त्याला भांडुपकडच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. इंदुताई नुकतीच आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आली होती. घाटकोपरहून साकीनाक्याकडे जाताना असल्फ्याच्या चढावर आमची बिल्डिंग आहे. तिथे नवीन माणूस आलं की महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून मी त्याला ताब्यात घ्यायची. मी तेव्हा तरुण होते. म्हणजे साठी नुकतीच लागली होती, केसांना मेंदी होती, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री होती.

घराणं हा शब्द ऐकल्याबरोबर मी सेक्रेटरीच्या आवाजात म्हटलं, "इंदुताई, आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही जातपात वगैरे मानत नाही हं."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "जात नाही विचारली मी. जात विचारणाऱ्यांचे फोन मी आयुष्यभर कट केलेत. कारखान्याचं घराणं विचारते आहे. तिथं आग लागते का? लागली तर मागचं दार उघडतं का?"

नीलेशची आई गोंधळून म्हणाली, "पगार चांगला आहे हो."

"मुलगी देताना मुलाचा काका पितो का, तेसुद्धा शोधून काढता. आणि मुलगा कारखान्याला देताना नुसता पगार विचारता?" इंदुताई म्हणाली आणि तिनं पेढा बशीत ठेवून दिला. "हा मी चौकशी झाली की खाईन."

ती गेल्यावर मी नीलेशच्या आईला खूण केली. डोक्याशी बोट नेऊन गोल फिरवलं. साठीतल्या पोरींना असे चाळे सुचतात.

दोन-चार दिवसांनी नीलेशच्या घरी इंदुताईचा आहेर आला. लग्नात देतात तसं पाकीट होतं, वर गुलाब छापलेला, कोपऱ्यात रुपया चिकटवलेला. नीलेशच्या आईनं ते चाचपलं. "जाड आहे गं!" ती माझ्या कानाशी पुटपुटली. उघडलं तर आत घड्या घातलेले छापील कागद. तिचं तोंड एवढंसं झालं आणि मला हसू आवरेना.

मग इंदुताईनं मला शांतपणे समजावलं. इंटरनेटवर काही ठिकाणं अशी आहेत की पैसे भरून कंपनीचं नाव घातलं की तिची कुंडली हातात येते. सरकारी माणूस तपासणीला कधी आला, त्याला काय सापडलं, नोटीस लागली का, अपघात होऊन कोर्टात प्रकरण गेलं का, सगळं गोळा करून देतात. सगळीच नोंद असते असं नाही, पण असते ती असते. त्या पैशांत दोघींचा सिनेमा झाला असता, पॉपकॉर्नसकट. ही बाई ते आपल्या पेन्शनमधून भरायची, आणि तेही दुसऱ्यांच्या पोरांसाठी.

"कशाला पैसे घालवतेस गो?" मी म्हटलं. "मोबाइलवर फुकट मिळतं की सगळं. त्या कंपनीचे फोटो बघ, केवढी बाग आहे."

"फुकटात कंपनी स्वतःबद्दल काय सांगते ते मिळतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांनी तिच्याबद्दल काय लिहून ठेवलंय, त्याला पैसे पडतात."

नीलेशच्या कागदाखाली तिनं हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'स्थळ चांगलं आहे. जिन्यापाशी माल रचून ठेवल्याबद्दल एकदा नोटीस आहे, नंतर जागा मोकळी केलेली दिसते. पहिल्या दिवशी स्वतः बघून ये.' मग तिनं तो पेढा खाल्ला. चार दिवसांचा, दगड झालेला पेढा ती चवीनं चघळत होती आणि मी मंडळात जाऊन तिची नक्कल करत होते. नक्कल मला छान जमायची. आवाज तेवढा जमायचा नाही.

कारण तो आवाज कुणालाच जमण्यासारखा नव्हता. इंदुताई विक्रोळीकडच्या एका मोठ्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तो कारखाना आता नाही. त्या जागी टॉवर झालाय आणि खाली कॉफीचं दुकान आहे. नांदेडकडच्या एका खेड्यातून चेंबूरच्या मावशीकडे शिकायला आलेली ही मुलगी बोर्डावर बसली आणि थेट निवृत्त होऊनच उठली. साधं "बोला" म्हणायची, पण त्या एका शब्दात असं काही असे की समोरचा माणूस सरळ उभा राही. ओरडताना मी तिला कधी ऐकलं नाही. गॅसवाला, बँकवाला, सोसायटीचा चेअरमन, सगळे तिच्याशी बोलताना आपोआप हळू बोलायला लागत. आमच्या घरात सगळेच मालवणी गळ्याचे, एकमेकांना हाक मारली तरी रस्त्यावरची माणसं वर बघतात. त्यामुळे माझ्यावर त्या आवाजाचा फारच परिणाम व्हायचा. मी तो मान्य करत नसे इतकंच.

दिसायलाही ती साधीसुधी नव्हती हो. केस कोळशासारखे काळे करायची आणि विचारलं तर "जन्मापासून आहेत" म्हणायची. कडक इस्त्रीची सुती साडी, पावडर मानेपर्यंत, चष्म्याला मण्यांची साखळी. कानात फोनचं ते बिनवायरचं यंत्र सदोदित अडकवलेलं. लग्न केलं नव्हतं. मी एकदा आगाऊपणे कारण विचारलं.

"स्थळं आली होती गं पुष्कळ," ती म्हणाली. "चौकशी केली. म्हणून नाही केलं."

आणि मी? मी लग्नाला उभी राहिले तेव्हा मला कुणी विचारलं असतं की मुलाचं काय बघितलंस, तर मी सांगितलं असतं, त्याला बेलबॉटम शोभते. नशिबानं माणूस चांगला निघाला. पण त्यात माझी अक्कल कणभर नव्हती.

तिची एक सवय मला फार दिवस कळली नाही. ती कुणालाही ताटकळत ठेवायची नाही. फोन पहिल्या रिंगला उचलायची. बेल वाजली की हाताला साबण असला तरी धावत येऊन कोपरानं कडी काढायची. गॅसवर दूध असलं तर उतू जाऊ द्यायची, पण दारातल्या माणसाला "थांबा हं जरा" म्हणायची नाही. थांब हा शब्दच तिच्या तोंडी नव्हता. मी म्हणायचे, "अगं, कचरेवाला तो, राहील उभा दोन मिनिटं." ती म्हणायची, "दूध परत आणता येतं, सुमन." मला वाटायचं, ऑपरेटरची सवय. आमच्या ह्यांना रिटायर झाल्यावरही सकाळी डबा भरून लागायचा, तसंच.

मग बिल्डिंगला रंग काढायचा ठरला.

कॉन्ट्रॅक्टरनं पहिल्याच दिवशी गच्चीवरून दोर सोडले आणि दोन पोरं फळीवर बसून खाली येऊ लागली. कमरेला काही नाही. मी खिडकीतून त्यांना चहा विचारत होते, म्हणजे माझ्या मते मी फार माणुसकीनं वागत होते. तेवढ्यात इंदुताईच्या खिडकीतून तो आवाज आला, "बाळांनो, खिडकीतून आत या. सरबत केलंय."

पोरं आत गेली ती बाहेर येईनात. कॉन्ट्रॅक्टर वर आला. त्याच्यामागे चेअरमन, चेअरमनच्या मागे मी.

"मावशी, काय लावलंय हे?" कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "आपली पोरं माकडासारखी चढतात. टेन्शन नको."

"माकडाला शेपटी असते," इंदुताई म्हणाली. "यांच्या शेपट्या घेऊन या. मग चढवा."

"म्हणजे?"

"पट्टे. कमरेचे. तुमच्या नावावर मुलुंडच्या एका सोसायटीचं प्रकरण कोर्टात दिसतंय. तिथं पट्टे नव्हते म्हणून माणूस पडला असं लिहिलंय. वाचून दाखवू? चेअरमनसाहेब पण ऐकतील."

कॉन्ट्रॅक्टर चेअरमनकडे बघायला लागला, चेअरमन माझ्याकडे. मी सेक्रेटरी होते, माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला ठराव असायचा. या वेळी नव्हता. दोन दिवस रंग बंद राहिला. बिल्डिंग वरून जरा पिवळी, बाकी सगळी काळी. लोक इंदुताईच्या नावानं खडे फोडत होते आणि ती पोरं तिच्या हॉलमध्ये पत्ते खेळत होती. तिसऱ्या दिवशी पट्टे आले. पट्टा बांधून पहिला पोरगा खाली उतरला तो तिच्या खिडकीसमोर आला आणि मागचा दोर शेपटीसारखा हलवून दाखवला. ती इतकी हसली की चष्मा साखळीवर लोंबकळला.

त्या दिवसापासून मी तिची नक्कल करायचं सोडलं. तिचा पदर धरून फिरायला लागले म्हणा ना.

माझी नात मुक्ता. प्रमोदची, म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. डिप्लोमा झाला मेकॅनिकलचा आणि लगेच साकीनाक्याच्या गल्लीतल्या एका कारखान्यात नोकरी चालून आली. पत्र्याचे डबे आणि झाकणं करणारा कारखाना. शिफ्ट सुपरवायझर, पगार तिच्या बापाच्या पहिल्या पगाराला लाजवील असा, आणि घरापासून शेअर रिक्षानं इतकं जवळ की जेवायला घरी यावं. सोमवारी हजर व्हायचं होतं. प्रमोदनं पेढे आणले. मी स्वतः बशी घेऊन इंदुताईकडे गेले आणि तिनं विचारायच्या आधीच म्हटलं, "घराणं बघ."

तिनं पैसे भरले, नाव घातलं, आणि आम्ही दोघी तिच्या पडद्याकडे बघत बसलो. कोरं आलं. नोटीस नाही, अपघात नाही, खटला नाही. काहीच नाही.

"बघ!" मी टाळी वाजवली. "धुतल्या तांदळासारखं. खा आता पेढा."

तिनं पेढा घेतला नाही. "इतकी वर्षं पत्रा कापतात आणि एकदाही कुणी तपासायला आलं नाही? माझ्या रेशनकार्डावर याच्यापेक्षा जास्त शेरे आहेत."

"चांगली माणसं असतील."

"चांगल्या माणसांकडे पण तपासणी होते, सुमन. तपासणी झाली, सगळं ठीक, असं तरी लिहिलेलं असतं." ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, आपण सासरचं नाव शोधलं!"

मला काही कळेना.

"लग्नाआधी तू कुठं शिकलीस ते शोधायचं, तर सुमन राणे या नावानं सापडेल का? सुमन परब घालायला लागेल. बाईचं माहेरचं नाव असतं ना, तसं कंपनीचंही असतं. पाटी बदलली की मागचं सगळं माहेरी राहतं. याचं माहेर शोधायला पाहिजे."

ते कसं शोधायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण स्थळ बघायचं तर घरी जावंच लागतं, असं म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला रिक्षात घातलं. मी तयारी करून गेले होते. मुक्ताची आजी म्हणून गेटवर सांगायचं, मग ते आत बोलावतील, चहा देतील. ठेवणीतली साडीसुद्धा नेसले होते. इंदुताई गेटकडे फिरकलीच नाही. समोरच्या टपरीच्या बाकावर जाऊन बसली. "मालक चहा देतील तेव्हा मालकच बोलतील," म्हणाली. "जेवणाची सुट्टी होऊ दे."

भोंगा झाला. कामगार डबे घेऊन बाहेर आले, टपरीभोवती आणि भिंतीच्या सावलीला बसले. मी चेहरे बघत होते. इंदुताई हात बघत होती. हे मला नंतर कळलं.

आमच्या शेजारी एक उतारवयाचे गृहस्थ येऊन बसले. साळुंखे त्यांचं नाव. अंगात विटून पांढरट झालेला निळा शर्ट, आणि खिशावर दोऱ्यानं भरलेलं एका कंपनीचं नाव. ते नाव गेटवरच्या पाटीवरचं नव्हतं.

"दादा, हा शर्ट कुठला?" इंदुताईनं त्या आवाजात विचारलं.

"इथलाच की, मॅडम." त्यांनी हसून गेटकडे मान वळवली. "पाटी नवीन लावली. शर्ट कोण नवीन देतो?"

इंदुताईनं माझ्याकडे बघितलंही नाही. पर्समधून फोन काढला, खिशावरचं नाव अक्षर अक्षर बघून टाइप केलं, आणि पैसे भरायला लागली. उन्हात पडदा दिसेना म्हणून पदर डोक्यावरून फोनवर ओढून घेतला. आत बसून काय करते ते दिसत नव्हतं. लोक बघायला लागले. वेळ घालवायला म्हणून मी साळुंख्यांशी बोलायला लागले. ते डाव्या हातानं भाकरी मोडत होते. पलीकडे आणखी एक जण डाव्या हातानं जेवत होता.

"तुम्ही डावखुरे का हो?" मी म्हटलं. "आमच्या घरात पण आहे एक. फार हुशार असतात म्हणे."

त्यांनी उजवा हात पँटच्या खिशातून बाहेर काढला. अंगठा होता आणि करंगळी होती. "नाही, ताई," ते म्हणाले. "सवय लावून घेतली."

त्या ठेवणीतल्या साडीत मी कशी दिसत असेन, याचा मी पुढे कित्येकदा विचार केला. तोंड उघडं, हातात कटिंग चहा.

पदराच्या आतून इंदुताई म्हणाली, "दादा, मिळालं. वाचू?"

आणि तिनं वाचलं. मोठ्यानं नाही, पण भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं. प्रेस मशीनला हात अडवणारी जाळी नाही, म्हणून नोटीस. पुन्हा तपासणी, पुन्हा तीच नोटीस. दंड. नंतर त्या नावाचा व्यवहार बंद, जागा दुसऱ्या नावानं सुरू. त्यात अपघाताच्याही नोंदी होत्या. एका नोंदीत वर्ष होतं, विभाग होता, आणि पुढे लिहिलं होतं, 'एक कामगार. हाताला किरकोळ दुखापत.'

साळुंख्यांनी भाकरी खाली ठेवली. "ते वर्ष माझं," ते म्हणाले. "काय लिहिलंय म्हणालात?"

तिनं पुन्हा वाचलं.

"किरकोळ," ते म्हणाले. हाताकडे बघितलं. मग पलीकडे डाव्या हातानं जेवणाऱ्याला हाक मारली, "ए शिवा, इकडे ये. ऐक, आपण किरकोळ आहोत." कुणीतरी हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही. भोंगा झाला तसे सगळे उठून आत गेले.

संध्याकाळी इंदुताई पाकीट घेऊन आमच्या घरी आली. गुलाब, रुपया, आत कागद. खाली हिरव्या शाईत काही लिहिलेलं नव्हतं. प्रमोदनं वाचलं आणि त्याचा चेहरा पडला, पण नोकरी सोडायला बापाचं मन होईना.

"इंदुताई, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण ही थोडीच मशीनवर बसणार आहे? ही सुपरवायझर. हिच्या हाताला काय होतंय?"

"तेच तर म्हणते मी," इंदुताई म्हणाली. "हात दुसऱ्याचा जाईल. आणि किरकोळ म्हणून हिला लिहायला लागेल."

मुक्तानं तो कागद उचलला. तिनं विचारलं, "इंदूआजी, तुला कसं माहीत, मी तसं लिहीन?"

इंदुताईनं कानातलं ते यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मी तिला त्याच्याशिवाय पहिल्यांदा बघत होते.

"मी बोर्डावर होते तेव्हाची गोष्ट," ती म्हणाली. "खाली बॉयलरकडे काहीतरी झालं. माणूस गेला. आम्हाला वर कळलं होतं. आणि त्याच्या बायकोचा फोन आला, कुठून तरी काहीतरी ऐकून. मला साहेबांचा निरोप होता, वकील येईपर्यंत काही बोलायचं नाही. मी म्हटलं, 'बाई, जरा थांबा हं, होल्ड करा.' तिनं होल्ड केलं. दिवा लुकलुकत होता बोर्डावर. मधून मधून मी विचारायची, आहात ना? ती म्हणायची, हो, थांबले आहे. किती नम्रपणे म्हणायची गं. जेवणाची वेळ टळून गेली तरी ती बाई थांबलेली होती, आणि तिचा नवरा सकाळीच गेला होता." ती मुक्ताकडे वळली. "मी वाईट मुलगी नव्हते, मुक्ता. मला नोकरी हवी होती."

मग तिनं यंत्र कानात घातलं, साडी झटकली आणि उठली. "स्थळ मी बघून दिलं. लग्न तुझं आहे."

उतू गेलेलं सगळं दूध मला त्या क्षणी आठवलं.

मुक्ता सोमवारी गेली. मी देवापुढे बसले आणि काय मागावं ते मला सुचेना. दुपारच्या आत पोरगी परत आली आणि सरळ समोरच्या दारात गेली. बेल वाजायच्या आत दार उघडलं.

"जाळी आहे, इंदूआजी," ती म्हणाली. "नवीकोरी आहे. भिंतीला टांगून ठेवलीय. लावली की काम हळू होतं म्हणे. मी म्हटलं, लावा, मग मी मशीन ठीक असल्याची सही करते. ते म्हणाले, आधी सही करा, मग बघू."

"मग?"

"मग मी आले."

इंदुताईनं फ्रीजमधून बशी काढली. आमचाच पेढा होता तो. तिनं मोडून अर्धा मुक्ताला दिला. मुक्ताला पुढे मुलुंडला नोकरी मिळाली, पगार कमी आणि जायला लांब. ते घराणं इंदुताईनं सासर-माहेर दोन्हीकडून तपासलं आणि तो पेढा ताजा असतानाच खाल्ला.

मला वाटलं, विषय संपला. आपली पोरगी वाचली, आपण मोकळे. मी तेव्हा सत्तरीला टेकले होते, पण अक्कल अजून बेलबॉटमपाशीच होती. इंदुताई दुपारची गायब व्हायला लागली. विचारलं तर म्हणायची, "चहा प्यायला जाते." आमच्या बिल्डिंगखाली दोन चहावाले असताना ही बाई रिक्षा करून चहा प्यायला जायची.

पुढे तिचे गुडघे गेले आणि भाची तिला नांदेडला घेऊन गेली. गेल्या वर्षी ती तिथंच वारली. जायच्या आधी फोनवर बोलायचो आम्ही. पहिल्या रिंगला उचलायची, शेवटपर्यंत. पण ती आठवली की मला नांदेडचा फोन आठवत नाही. एक दुपार आठवते.

मी दातांच्या डॉक्टरकडून येत होते, अर्धं तोंड बधिर. साकीनाक्याच्या त्या गल्लीतून रिक्षावाल्यानं मधला रस्ता काढला आणि टपरीपाशी गाडी अडकली. पुढे माणसंच माणसं. त्या कारखान्याचे कामगार होते, डबे आवरून, उभे. मध्ये बाकावर इंदुताई, कडक इस्त्रीची साडी, मांडीवर फोन. एकेक जण पुढे येऊन आपली आधीची कंपनी, भावाची कंपनी, बायको जाते तो कारखाना सांगत होता. ती पैसे भरत होती, शोधत होती, वाचून दाखवत होती. ऊन होतं, पण पदर तिच्या खांद्यावरच होता. फोनवर सावली साळुंखे धरून होते. खिशातून बाहेर काढलेल्या त्या उजव्या हातानं.

भोंगा झाला. कुणी हललं नाही. पुन्हा झाला. तेव्हा गेटमधून एक टाय लावलेले साहेब तावातावानं बाहेर आले. "काय चाललंय? चला आत! मशीन बंद पडलीत!"

"जाळी लावली का साहेब?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"ते नंतर बघू. आधी आत चला. ओ बाई, तुम्ही कोण? उठा इथून."

इंदुताईनं मान वर केली नाही. ती कुणाचं तरी नाव टाइप करत होती. नुसता डावा हात वर केला, आणि ज्या आवाजासमोर गॅसवाला, बँकवाला आणि चेअरमन सरळ उभे राहायचे त्या आवाजात, अगदी नम्रपणे म्हणाली,

"साहेब, जरा थांबा हं. होल्ड करा."

आणि साहेब थांबले. खरंच थांबले. टाय वाऱ्यावर उडत होता आणि ते गेटपाशी उभे होते, आत जावं की बाहेर यावं ते न कळून.

रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "आजी, मागून घेऊ का? वेळ लागेल इथं."

"लागू दे," मी बधिर तोंडानं म्हटलं. "मीटर चालू ठेव."